धूमकेतूच्या भेटीला

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात जानेवारी २०२६ मध्ये केलेलं भाषण)



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी माझा विषय ठरवूनच टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली पानटपरीवरसुद्धा चर्चा चालते, मी धूमकेतूवर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "चालेल, पण वीस मिनिटांत आटप. नंतर हुरडा आहे." सोलापूरकरांच्या हुरड्याच्या आड यायची माझी हिंमत नाही. म्हणून लगेच विषयाला हात घालते.

आपल्या आज्या धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायच्या. ते दिसलं की राज्य बुडणार, दुष्काळ पडणार, रोगराई येणार, अशी भीती असायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. लांबून दिसतं ते एवढंच, एक धुरकट ठिपका आणि मागं शेपूट. खरा धूमकेतू त्या धुराच्या आत लपलेला असतो. अवघ्या काही किलोमीटरचा, बर्फ, धूळ आणि कार्बनी रसायनांचा काळाकुट्ट गोळा. साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वी ग्रह घडत होते, तेव्हाचा हा उरलेला माल. ग्रहांवर गेलेला माल वितळला, भाजला, ढवळला गेला. धूमकेतूंतला मात्र सूर्यापासून दूर, थंडीत तसाच राहिला. घर बांधून झाल्यावर परसात पडलेल्या विटा-वाळूवरून घर कशाचं आहे ते कळतं, तसंच हे. आपल्या घरात पाणी कुठून आलं, जीवसृष्टीला लागणारी रसायनं कुठून आली, हे विचारायचं तर धूमकेतूच्या दारात जावं लागतं.

लांबून बघणं आणि आत शिरून बघणं यातला फरक सोलापूरला नवा नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे लोक आपल्या भागातल्या ढगांत विमानं घालत होते. ढग येतात आणि न बरसता पुढे जातात, हे आपण अंगणात उभं राहून पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. ते का होतं हे कळायला मात्र ढगाच्या पोटात जाऊन थेंब आणि धूलिकण मोजावे लागले.

आता आपल्या वर्गाचा धूमकेतू. आठवतोय का? ३० जानेवारी १९९६ ला जपानच्या युजी ह्याकुताके यांना मोठ्या द्विनेत्रीतून तो सापडला आणि २५ मार्चला तो पृथ्वीपासून साधारण दीड कोटी किलोमीटरवरून गेला. आकाशाच्या हिशेबात हे म्हणजे अगदी आपल्या बोळातून. आणि तो नेमका आपल्या दहावीच्या मार्चमध्ये. घरोघरी "आधी पेपर, मग आकाश" असा कायदा होता. तरी विज्ञानाच्या बाईंनी आम्हा सात-आठ जणींना शाळेच्या गच्चीवर बोलावलं आणि सप्तर्षींच्या बाजूला तो फिकट पुंजका दाखवला. बाई आज समोर बसल्या आहेत, म्हणून त्या पुंजक्याची पुढची गोष्ट सांगते. ती तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या काळात युलिसिस नावाचं यान सूर्याचा अभ्यास करत फिरत होतं. धूमकेतूशी त्याचा काही संबंध नव्हता. १ मे १९९६ ला, आपला निकालही लागला नव्हता तेव्हा, त्याच्या उपकरणांत काही विचित्र नोंदी झाल्या. त्यांचा अर्थ लागला थेट २००० साली. ते यान ह्याकुताकेच्या शेपटीतून गेलं होतं. गोळा होता तिथून ५० कोटी किलोमीटरहून लांब, आणि शेपूट तिथवर पोचलेली! एवढी लांब शेपूट तोवर कुणी मोजली नव्हती. माहिती चार वर्षं कपाटात पडून होती. ती नीट जपून ठेवलेली होती, म्हणूनच कुणाला तरी वाचता आली.

ही झाली योगायोगाने पडलेली गाठ. मुद्दाम भेटायला जायचं ठरलं ते त्याच्या आधी, १९८६ मध्ये, हॅले आला तेव्हा. आपण बालवाडी-पहिलीत होतो. सोव्हिएत संघाची दोन वेगा यानं, जपानची दोन आणि युरोपचं जिओटो अशी पाच यानं निघाली. वेगा यानं ६ आणि ९ मार्चला आधी पोचली. धुराच्या आत गोळा नेमका कुठे आहे हे त्यांच्या निरीक्षणांवरून कळलं आणि त्या आधाराने जिओटोला जवळ नेता आलं. शीतयुद्धाचा काळ असूनही हे घडलं. १३-१४ मार्चच्या रात्री जिओटो ५९६ किलोमीटरवरून गेलं.

वेग किती, तर सेकंदाला ६८ किलोमीटर. आपली वंदे भारत मुंबईला साडेसहा तास घेते. या वेगाने सीएसएमटी सात सेकंदांत आलं असतं, चहावाला डब्यात शिरायच्या आत. त्या वेगाला समोरून आलेला धुळीचा कण बंदुकीच्या गोळीहून वाईट. सर्वांत जवळ पोचायच्या काही सेकंद आधी असा एक कण लागला, यान डगमगलं, संपर्क तुटत राहिला, कॅमेरा कायमचा गेला. पण तोवर फोटो पोचले होते. सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा, कोळशाहून काळा गोळा माणसाने पहिल्यांदा नीट पाहिला. नंतर अमेरिकेच्या स्टारडस्टने २००४ मध्ये विल्ड-२ धूमकेतूची धूळ गोळा केली आणि २००६ मध्ये ती पृथ्वीवर आणून दिली. डीप इम्पॅक्टने ४ जुलै २००५ ला टेंपल-१ वर ३७० किलोचा गोळा आदळून आतून काय उडतं ते पाहिलं. पण ही सगळी येता-जाता घेतलेली दर्शनं. मुक्कामाला गेलं ते एकच यान, रोझेटा. बाकीचा वेळ मी तिच्यासाठी ठेवलाय.

आमच्या धंद्यात रात्री अकराला काही बिघडलं की फोन येतो. ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडायचा, नवा प्रोग्रॅम काढून जुना चढवायचा, गिऱ्हाईकाची माफी मागायची. दुरुस्ती करता येते, या भरवशावर सगळा कारभार चालतो. ५१ कोटी किलोमीटरवरच्या यानाला मात्र निरोप जायलाच २८ मिनिटं लागतात, उत्तर यायला आणखी २८. तिथं काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, हे निघण्याआधी किंवा निदान वेळेच्या खूप आधी लिहून द्यावं लागतं.

हे ऐकून मला आपल्या पूर्व भागातले माग आठवतात. वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरात ते होते. चादरीवरचा मोर मागावर बसून कुणी एकेका धाग्याने काढत नाही. तो आधी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहिलेला असतो. पत्त्यांची माळ जकार्डवर चढवली की कुठला धागा वर आणि कुठला खाली हे भोकं ठरवतात. भोक चुकलं तर मोराची मान चुकते, आणि ती प्रत्येक चादरीवर चुकते. कॉम्प्युटरचे जुने छिद्रपत्ते या जकार्डवरूनच सुचले. म्हणजे सॉफ्टवेअर सोलापुरात हिंजवडीच्या कितीतरी आधी आलं होतं, फक्त पगार तेवढा नव्हता.

रोझेटाची पत्त्यांची माळ फार लांब होती. युरोपच्या अवकाश संस्थेने मोहीम मंजूर केली १९९३ मध्ये. जायचं होतं विर्टानेन नावाच्या धूमकेतूकडे, जानेवारी २००३ मध्ये. पण डिसेंबर २००२ मध्ये एरियान-५ च्या नव्या प्रकारचं रॉकेट कोसळलं आणि उड्डाण थांबलं. यान तयार, लोक तयार, पण धूमकेतू कुणासाठी थांबत नाही. मग दुसरं स्थळ शोधलं, ६७पी म्हणजे चुर्युमोव्ह-गेरासिमेंको, १९६९ मध्ये सापडलेला. २ मार्च २००४ ला यान निघालं. थेट जाण्याएवढी ताकद कुठल्याच रॉकेटमध्ये नव्हती, म्हणून पृथ्वीजवळून तीनदा आणि मंगळाजवळून एकदा वळसा घालत, त्यांच्या ओढीने वेग घेत दहा वर्षांचा रस्ता. त्यातली एक गंमत. नोव्हेंबर २००७ मध्ये ते पृथ्वीकडे परत येत असताना दुर्बिणवाल्यांनी त्यालाच लघुग्रह समजून नाव-नंबर देऊन टाकला. थोड्याच वेळात कळलं, हा आपलाच मुलगा घरी येतोय.

पुढचा टप्पा इतका लांबचा की सौर पट्ट्यांना पुरेसं ऊन मिळेना. जून २०११ मध्ये यानाला झोपवलं. जवळजवळ सगळं बंद. फक्त थोडी ऊब, आणि घड्याळात लावलेला गजर. ९५७ दिवस एक शब्द नाही. २० जानेवारी २०१४ ला गजर वाजणार, मग यान स्वतःला गरम करणार, गिरकी थांबवणार, पृथ्वी कुठे ते शोधून हाक देणार, असं सगळं आत लिहून ठेवलेलं. जर्मनीत डार्मश्टाटच्या केंद्रात लोक पडद्यावरच्या सपाट रेषेकडे बघत बसले. अपेक्षित वेळ सुरू झाली, मिनिटं सरत गेली, रेषा सपाटच. जवळजवळ तासाभराने, आपल्याकडे रात्री पावणेबाराच्या सुमारास, रेषेवर एक टोक उभं राहिलं. नंतर कळलं की उठताउठता यानातला कॉम्प्युटर स्वतःच एकदा बंद होऊन परत सुरू झाला होता आणि त्याने सगळी यादी पहिल्यापासून पुन्हा म्हटली. त्यात सुमारे १८ मिनिटं गेली. 'अडलास तर पहिल्यापासून सुरू कर' हे वाक्य कुणीतरी दहा वर्षांपूर्वीच त्यात घालून ठेवलं होतं. माझ्या पेशातल्या माणसाला ही ओळ लिहिणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटतं.

६ ऑगस्ट २०१४ ला यान पोचलं. बटाट्यासारखा गोळा असेल अशी कल्पना होती. निघाला दोन गोळे चिकटलेला, बदकासारखा, सुमारे चार किलोमीटरचा, आणि पाण्यापेक्षा हलका. १२ नोव्हेंबरला रोझेटाने फिली नावाचं छोटं यान त्यावर सोडलं. पृथ्वीवर १०० किलो भरणारं फिली तिथं जेमतेम एक ग्रॅमचं. उतरताना त्याला खाली दाबून धरणारा झोत चालत नाही, हे सोडण्याआधीच कळलं होतं. तरी सोडलं, कारण पुन्हा संधी नव्हती. सात तास ते खाली पडत होतं. जमिनीला लागलं, पण पकड घेणारे भाले सुटले नाहीत. फिलीने उसळी घेतली ती जवळजवळ दोन तास हवेत, हवा नसलेल्या हवेत. शेवटी एका कड्याच्या सावलीत आडवंतिडवं अडकलं. ऊन मिळेना. बॅटरीवर जमिनीवरचे ५७ तास काम करून ते गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांनी याला अपयश म्हटलं. पण उसळी चालू असताना काय झालं बघा. पहिल्यांदा जमिनीला लागलं तेव्हा उडालेली धूळ फिलीच्या तळाच्या नळ्यांत शिरली होती. कोसॅक नावाच्या उपकरणाला आधीच सांगून ठेवलं होतं, उतरल्यावर २५ मिनिटांनी वास घ्यायचा. आपण उतरलोय की उडतोय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याने वेळेवर वास घेतला. पुढे खोदकामाचा बेत फसला, पण या एका हुंगण्यातून १६ कार्बनी संयुगांची यादी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत चैतन्य गिरी हे भारतीय नाव आहे. यादीत एक नाव वाचून मी थबकले, मिथाईल आयसोसायनेट. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री लोकांचा जीव घेणारा वायू. धूमकेतूवर मात्र तो साध्या रेणूंपासून मोठे रेणू घडण्याच्या वाटेवरचा एक टप्पा असू शकतो. रेणूला पाप-पुण्य नसतं, तो कुणाच्या हातात आणि कशा टाकीत आहे त्यावर सगळं. पुढे २०१६ मध्ये रोझेटावरच्या दुसऱ्या उपकरणाला धूमकेतूभोवती ग्लायसीन हे अमिनो आम्ल आणि फॉस्फरसही सापडलं.

पाण्याचं उत्तर अवघड निघालं. ६७पी च्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्रापेक्षा तिपटीहून जास्त आहे, असं डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं. म्हणजे आपलं पाणी असल्या धूमकेतूंनी आणलेलं नसावं. पण २०२४ च्या अखेरीस काही संशोधकांनी तीच जुनी माहिती पुन्हा चाळली आणि दाखवलं की यानाजवळच्या धुळीमुळे ते माप फुगलेलं असू शकतं. प्रश्न परत उघडला. लक्षात घ्या, रोझेटा ३० सप्टेंबर २०१६ लाच धूमकेतूवर अलगद उतरवून संपवली होती. जाण्याच्या चार आठवडे आधी, २ सप्टेंबरला, तिने कपारीत अडकलेल्या फिलीचा फोटो काढून पत्ता तेवढा कळवला होता. तिच्या मरणानंतर आठ वर्षांनी तिच्या वहीतून नवीन उत्तर निघतंय. १९९३ मध्ये तिला मंजुरी देणाऱ्यांपैकी कितीतरी लोक तोवर निवृत्त झालेले.

आपल्याकडची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. धूमकेतूकडे भारताने यान पाठवलेलं नाही. पण धूमकेतूंबरोबर सूक्ष्म जीव येत असतील का, हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांनी नुसता चर्चेत ठेवला नाही. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून मोठे फुगे सोडून वरच्या हवेचे नमुने आणले गेले. २० एप्रिल २००५ च्या फुग्याने ४५९ किलोचं सामान नेलं आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा बंद नळ्यांत आणली. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आणि हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये स्वतंत्रपणे तपासणी झाली. निकाल आला २००९ मध्ये. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यातल्या एकीला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं. ते जीव आकाशातूनच आले असं सिद्ध झालेलं नाही, आणि तसा दावा तेव्हाही केला नव्हता. 'धूमकेतू' ही कथा लिहिणारे नारळीकर २० मे २०२५ ला गेले. शंका आहे ना, मग नमुना आणा, बंद करून आणा, दोन ठिकाणी तपासा आणि चार वर्षं थांबा, ही शिस्त मात्र त्यांनी मराठी घराघरात आणली.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते बोलते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर चर्चा चाललीय की तुकडीतर्फे शाळेला काय द्यायचं. बहुमत प्रवेशद्वाराच्या कमानीकडे आहे. वर आपल्या तुकडीचं वर्ष. कमान सुरेख होईल, मला शंका नाही. पण काल दुपारी मी शिपाईमामांकडून किल्ली घेऊन प्रयोगशाळा उघडून पाहिली. सूक्ष्मदर्शक आहेत, भिंगांवर बुरशी आहे. रसायनांच्या बाटल्यांवरची नावं पुसली आहेत. सहायकाची जागा रिकामी आहे. बाईंनी ज्या जिन्याने आम्हाला गच्चीवर नेलं, त्याच्या दाराला कुलूप आहे. यात कुणाकडे बोट दाखवायचं नाही. मराठी माध्यमाच्या शाळा आज कशा चालतात हे समोर बसलेल्या सरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझी सूचना अशी. आपण चाळीस जणांनी दरमहा पाचशे रुपये द्यायचे. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. एकदम मोठी रक्कम नको, वीस वर्षं द्यायचे. त्यातून एक प्रयोगशाळा सहायक, भिंगांची देखभाल, एक बरी दुर्बीण आणि गच्चीची किल्ली. खर्चाचा हिशेब दर जानेवारीत सगळ्यांसमोर. पैसे बँकेतून आपोआप जातील अशी व्यवस्था मी लावून देते, म्हणजे एखाद्या महिन्यात आपला उत्साह झोपला तरी गजर वाजेल. कुणी अडचणीत आला तर त्याने थांबावं, बाकीच्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणावी. कमानीवर नाव लगेच दिसतं, यात ते दिसणार नाही. वीस वर्षांत कुणी शास्त्रज्ञ होईलच याची हमीही मी देत नाही. फिलीचे भाले सुटले नव्हते, तरी हुंगणं फुकट गेलं नाही, एवढाच माझा आधार.

युरोप आणि जपान मिळून आता कॉमेट इंटरसेप्टर नावाचं यान बांधतायत. २०२९ च्या सुमारास ते निघेल आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन वाट बघत उभं राहील. कुणाची, ते बांधणाऱ्यांनाही माहीत नाही. ज्या धूमकेतूकडे ते जाणार आहे, तो कदाचित अजून सापडलेलाच नाही. सूर्याकडे पहिल्यांदाच येणारा, ताजा धूमकेतू दिसला की ते निघणार. आपल्या प्रयोगशाळेत २०४० साली भिंगाला डोळा लावणारं मूलही अजून जन्माला आलेलं नाही. हॅले परत येईल जुलै २०६१ मध्ये. तेव्हा आपण ऐंशीच्या घरात असू. ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवर यायचं, जिना चढवायला शाळेतली मुलं असतीलच.

सहीचा कागद मागच्या टेबलावर आहे, हुरड्याच्या अलीकडे ठेवलाय.